ठाण्यातील ओल व बुरशी तपासणी सेवा : आईंच्या खोलीचा सात महिन्यांचा अनुभव

आम्ही या सेवेला पहिला फोन केला तो गेल्या ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि तोही भिंतीच्या काळजीने कमी व आईंच्या काळजीने जास्त. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७४. नौपाड्यातल्या आमच्या चार मजली जुन्या इमारतीत आम्ही सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो आणि त्यांची खोली पश्चिमेकडची आहे, म्हणजे पावसाचा सगळा मारा तिच्याच भिंतीवर बसतो. सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्रातले शब्दकोडे पुरे केल्याशिवाय ज्या उठत नसत, त्या आई जुलैपासून कोडे अर्धवट टाकून देऊ लागल्या. रात्री तीन-तीनदा जाग, दिवसभर पेंग, गॅसवर ठेवलेल्या दुधाचा विसर, आणि ज्या नातवावर त्यांनी कधी आवाज चढवला नव्हता त्याच्यावर क्षुल्लक कारणाने संताप, असे सगळे महिनाभरात दिसू लागले. डॉक्टरांनी थायरॉइड, बी-१२ आणि साखर तपासली. तिन्ही ठीक निघाले. स्मृतिभ्रंश हा शब्द घरात कोणी मोठ्याने उच्चारला नाही, पण तो प्रत्येकाच्या मनात होता.

एका रविवारी त्यांच्या साड्यांना येणाऱ्या कुबट वासाचा माग काढताना आम्ही लाकडी कपाट पुढे ओढले. मागची भिंत जमिनीपासून छातीच्या उंचीपर्यंत काळपट हिरव्या बुरशीने भरलेली होती, आणि आईंची उशी तिच्यापासून दोन हातांवर होती. याच भिंतीवर मागच्या दोन पावसाळ्यांनंतर एका रंगाऱ्याने पोपडे खरवडून, ब्लीच मारून, वर पुट्टी आणि रंग चढवला होता. तेव्हा तेवढ्याने काम झाले असे आम्ही समजलो होतो.

या सेवेचे दोन तपासनीस ठरल्या दिवशी आले आणि अडीच तास थांबले. सुयांच्या ओलावामापकाने त्यांनी भिंतीवर पंधरा ठिकाणी मोजमाप घेऊन प्रत्येक आकडा तिथल्या तिथे खडूने लिहिला, त्यामुळे ओल खालून चढते आहे की वरून उतरते आहे हे आम्हांला डोळ्यांनी दिसले. आकडे वरच्या डाव्या कोपऱ्याकडे वाढत गेले होते. मग थर्मल कॅमेऱ्याने तोच कोपरा पाहिला, गच्चीवर जाऊन कठड्याखालची भेग दाखवली, आणि पावसाच्या पाण्याचा पाइप जिथे जोडलेला आहे तो सांधा उघडा असल्याचे फोटो काढले. बुरशी हा परिणाम आहे, पाणी हे कारण आहे, आणि पाण्याची वाट बंद होईपर्यंत आम्ही भिंतीला हात लावणार नाही, असे त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले. पैसे घेऊन लगेच रंग मारून देणारे पुष्कळ भेटतात; काम पुढे ढकला असे सांगणारे मला हेच पहिले भेटले. जाताना त्यांनी एक लहान आर्द्रतामापक खोलीत ठेवला. आठवडाभर खोलीतला आकडा ८२ ते ८८ टक्क्यांच्या दरम्यान राहिला. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असावी असे सर्वसाधारण मार्गदर्शन आहे. ‘हवा खेळू दे’ म्हणून आम्ही जुलैभर खिडक्या सताड उघड्या ठेवत होतो आणि त्यातून बाहेरचा दमटपणाच आत घेत होतो, हेही त्यांच्याकडूनच कळले.

या सेवेच्या माहितीपत्रकाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण तेच वाचून आम्ही फोन केला होता. त्यावर ‘विषारी काळ्या बुरशीमुळे नैराश्य, विसरभोळेपणा आणि चिडचिड होते’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे हे विधान कितपत खरे आहे हे तपासल्याशिवाय मला राहवेना. मी पर्यवेक्षकांना सरळ विचारले, की भिंत साफ झाली तर आई पूर्वीसारख्या होतील का? ते म्हणाले, “मॅडम, तसे आश्वासन मी देऊ शकत नाही. नाक आणि छातीचा त्रास कमी होईल असे वाटते. बाकीचे डॉक्टरांनी सांगायचे.” रंगावरून बुरशी विषारी आहे की नाही हेही ओळखता येत नाही, हे त्यांनी न विचारता सांगितले. त्यांचे उत्तर त्यांच्याच पत्रकापेक्षा खूपच प्रामाणिक होते, आणि आज या विषयावर जेवढे ठामपणे सांगता येते त्याच्याशी ते जुळणारेही होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दमा, खोकला, श्वसनमार्गाचे संसर्ग यांच्याशी ओलीचा संबंध असल्याचे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. मन आणि बुद्धी यांच्या बाबतीत तेवढा भक्कम पाया अजून नाही, पण जे आहे तेही झटकून टाकण्यासारखे नाही. ब्राउन विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये युरोपातील ८ शहरांमधल्या सुमारे ५,९०० प्रौढांची माहिती अभ्यासली, तेव्हा ओल आणि बुरशी असलेल्या घरांत राहणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणे अधिक आढळली. या संबंधाचा काही भाग बुरशीमुळे होणाऱ्या शारीरिक आजारांनी, तर काही भाग आपल्याच घरावर आपले काही चालत नाही या भावनेने उलगडतो, असे त्यांना दिसले. हे वाचताना मला आईंचे एक वाक्य आठवले. कपाट ओढले त्या दिवशी त्या पलंगावर बसून म्हणाल्या होत्या, “दरवर्षी पुसते गं मी, दरवर्षी येते.” भिंतीची लाज वाटून त्यांनी वर्षभर मैत्रिणींना खोलीत येऊ दिले नव्हते, हे आम्हांला तेव्हा पहिल्यांदा समजले.

प्राण्यांवरील प्रयोग आणखी थोडे पुढे जातात. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतील शेरिल हार्डिंग यांच्या गटाने उंदरांना स्टॅकिबॉट्रिस बुरशीचे (‘विषारी काळी बुरशी’ म्हणतात ती हीच) बीजाणू नाकावाटे दिले, तेव्हा त्यांच्या मेंदूत दाह वाढला, स्मरणशक्ती खालावली आणि भीतीयुक्त वागणूक वाढली. बीजाणूंमधील विष काढून टाकल्यावरही काही परिणाम राहिलेच. हे काम २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. जोन बेनेट या कवकशास्त्रज्ञांची, म्हणजे बुरशीच्या अभ्यासकांची, गोष्ट तर मी वर्गातही सांगते. २००५ च्या कॅटरिना वादळात त्यांचे न्यू ऑर्लिन्समधील घर पाण्याखाली गेले. बुरशीचे नमुने गोळा करायला त्या आत गेल्या आणि त्या वासानेच त्यांना अस्वस्थ वाटू लागले. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बुरशीच्या वासातील एका वायुरूप रसायनाचा फळमाश्यांवर अभ्यास केला, आणि त्या रसायनाने माश्यांच्या मेंदूतील डोपामिन हे संदेशवाहक रसायन तयार करणाऱ्या पेशींची हानी होते असे २०१३ मध्ये दाखवले. माशी आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. शिवाय स्टॅकिबॉट्रिसला सतत भिजलेला कागद, पुठ्ठा किंवा जिप्समचे बोर्ड लागते. आपल्याकडच्या सिमेंटच्या गिलाव्यावर आणि रंगावर बहुधा क्लॅडोस्पोरियम, ॲस्परजिलस, पेनिसिलियम अशा जाती वाढतात. तेव्हा ‘होते’ या पत्रकातल्या क्रियापदाच्या जागी ‘होऊ शकते’ असे छापणे ही या सेवेची जबाबदारी आहे. घाबरलेल्या कुटुंबाला त्या दोन शब्दांतला फरक फार मोठा असतो.

आमच्या घरात बुरशीपासून मनापर्यंतची वाट बहुधा नाकातून गेली होती. तपासनीसांनी घरातल्यांच्या तक्रारी लिहून घेताना आईंना विचारले, की रात्री नाक चोंदते का आणि त्यासाठी काही घेता का? आईंनी पदराआडून सर्दीच्या गोळ्यांची पाकिटे काढली. दुकानातून आपणच आणून त्या रोज दोन, कधी तीन गोळ्या घेत होत्या, आणि त्या क्लोरफेनिरामाइनच्या होत्या. हे जुन्या पिढीतले ॲलर्जीचे औषध गुंगी आणते, आणि उतारवयात त्याने गोंधळ व विसर वाढू शकतो, म्हणून वयस्कर माणसांना ते शक्यतो देऊ नये असे मानले जाते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्या गोळ्या बंद करून नाकात मारायचा फवारा दिला. म्हणजे बुरशीने नाक बंद केले, बंद नाकाने झोप नेली, सर्दीच्या गोळ्यांनी डोके जड केले, आणि या तिन्हींची बेरीज आम्ही वयाच्या खात्यावर मांडत होतो. गोळ्यांबद्दलचा हा एक प्रश्न मला त्यांच्या सगळ्या यंत्रांपेक्षा मोलाचा वाटतो. ठाण्यात वृद्ध माणसे असलेल्या घरांत जाणाऱ्या प्रत्येक तपासनीसाने तो विचारावा.

तपासणीचे ३,५०० रुपये झाले. त्यांचा फोटोंसह लेखी अहवाल आमच्या फार कामी आला. बाहेरच्या भिंतीतून आणि गच्चीतून येणारी पावसाची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते, असे गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमांत, आहे. तरीही दोन वर्षे ‘बघू’ एवढेच उत्तर मिळत होते. खडूच्या आकड्यांचे फोटो पाहिल्यावर व्यवस्थापन समितीने एकाच बैठकीत पाइपचा सांधा आणि भेग दुरुस्त करायला मान्यता दिली, आणि सप्टेंबरमधल्या उघडिपीत ते काम झाले. ऑक्टोबरात या सेवेने दाराला प्लॅस्टिकचा पडदा लावून, खोलीतली हवा खिडकीतून बाहेर ओढणारा पंखा बसवून, खराब गिलावा विटेपर्यंत काढला. धूळ सूक्ष्म गाळणीच्या व्हॅक्यूमने उचलली, कारण मेलेली बुरशीही ॲलर्जी वाढवते आणि झाडूने ती घरभर पसरते. भिंत पाच आठवडे उघडी ठेवली. नोव्हेंबरच्या अखेरीस मापकाचा आकडा उतरल्याची खात्री करून मगच नवा गिलावा आणि रंग झाला. या सगळ्याचा खर्च २६,००० रुपये आला, जो आमच्यासारख्या घराला जाणवणारा आहे.

तक्रारीही आहेत. गिलावा काढायची तारीख त्यांनी दोनदा बदलली, आणि दुसऱ्या वेळी खोली रिकामी करून बसल्यावर फोन आला. हवेच्या नमुन्याची प्रयोगशाळेतली तपासणी करून घ्या, असा आग्रह त्यांच्या कार्यालयातून दोनदा झाला; त्याचे वेगळे ८,००० रुपये होते. बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर तिची जात शोधण्याची बहुधा गरज नसते, असा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचाही सल्ला आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने हवेतील बुरशीसाठी सुरक्षित असा कोणताही आकडा ठरवलेला नाही. आम्ही नकार दिला आणि काम अडले नाही. सर्वांत गंभीर चूक म्हणजे बुरशीनाशक द्रव फवारताना वृद्ध माणसांनी निदान एक रात्र दुसरीकडे राहावे, हे त्यांनी आधी सांगितले नाही. आईंना त्यानंतर दोन दिवस खोकला होता. कळवल्यावर पर्यवेक्षक स्वतः येऊन माफी मागून गेले. अहवाल इंग्रजीत असतो. जिच्या खोलीबद्दल तो होता तिला तो मला वाचून दाखवावा लागला. ठाण्यात काम करताना मराठीत अहवाल देणे अवघड नसावे.

आता आईंविषयी. गोळ्या बंद केल्यावर दहा-बारा दिवसांत दिवसाची पेंग गेली. रात्रीची झोप मात्र सुधारली ती आम्ही त्यांना दिवाणखान्यात हलवल्यावर, साधारण महिन्याभराने. दिवाळीपर्यंत शब्दकोडे पुन्हा सुरू झाले. चिडचिड पूर्ण गेलेली नाही. काही नावे त्यांना आजही आठवत नाहीत, आणि त्याची रीतसर तपासणी डॉक्टर पुढच्या महिन्यात करणार आहेत. पाऊस थांबला, ऊन आले, औषध बदलले, खोली बदलली आणि भिंत कोरडी झाली. यांतल्या कशाचा किती वाटा हे वेगळे करून सांगणे मला शक्य नाही, आणि या सेवेनेही त्याचे श्रेय मागितले नाही, ही गोष्ट मला आवडली.

कपाट आता भिंतीपासून चार इंच पुढे असते. काहीही भिजले तर २४ ते ४८ तासांत वाळवायचे, हा नियम मुलालाही पाठ झाला आहे. आर्द्रतामापक आम्ही विकत घेतला; आई रोज सकाळी त्याचा आकडा कॅलेंडरच्या चौकोनात लिहितात आणि जानेवारीत तो बहुतेक दिवस ५० ते ५८ होता. पावसाळ्यात तेवढा ठेवायचा तर ओलावा शोषणारे यंत्र लागेल असे या सेवेचे म्हणणे आहे. ते त्यांच्याकडूनच घ्यावे अशी सक्ती त्यांनी केलेली नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांची विनाशुल्क फेरतपासणी ठरली आहे. त्या दिवशीचे आकडे आणि जुलैतल्या पहिल्या मोठ्या पावसानंतरची भिंतीची अवस्था मी इथेच खाली लिहीन. तोवर माझ्याकडून पाचपैकी चार तारे.