स्टाइनवेच्या कारखान्यातली सकाळ: लाकूडकामवाल्याच्या नजरेतून

प्लायवूड आणि फर्निचरच्या धंद्यात माझी हयात गेली. पियानोतलं मला ओ की ठो कळत नाही. तरीही न्यूयॉर्कला मुलीकडे असताना अस्टोरियातल्या स्टाइनवे अँड सन्स या पियानो बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्याची फेरी केली. लाकडावर पोट असलेल्या कुणीही ती चुकवू नये.

सगळ्यात जास्त वेळ मी रेंगाळलो ते रिमपाशी. ग्रँड पियानोची ती वळणदार भिंत अखंड वाकवतात. सर्वांत मोठ्या मॉडेल डीसाठी हार्ड मेपलच्या 18 पातळ पट्ट्या, प्रत्येक सुमारे 22 फूट लांब. ग्लू लावून चळत रचायची, गड्यांनी ती उचलायची आणि ग्लू धरायच्या आत साच्याभोवती वळवून क्लॅम्प आवळायचे. आपण प्लायमध्ये एक थर उभा, एक आडवा टाकतो. इथे सगळ्यांची ग्रेन, म्हणजे लाकडाच्या रेषा, एकाच दिशेला, म्हणून तर वळते. एका तयार रिमची कड वाकून पाहिली. थर डोळ्यांनी मोजता येतात, पण नख कुठे अडकत नाही. या पद्धतीचं पेटंट 1880 सालचं आहे, आणि आजही ते काम माणसांच्या दंडावरच चालतं.

मग ती रिम उबदार खोलीत कित्येक आठवडे नुसती ठेवून देतात. लाकडाला काय वाकडंतिकडं व्हायचं ते तिथेच होऊन जाऊ दे! आमच्याकडे गिऱ्हाईक दसऱ्याला ऑर्डर देतं आणि दिवाळीला कपाट मागतं. इथे एका पियानोला जवळजवळ वर्ष लागतं.

मशिनं नाहीत असं नाही. सुटे भाग 12,000 च्या वर; संगणकावर चालणारी कटिंग मशिनं आहेतच. तारांचा ताण वीसेक टनांचा, तो पेलणारी बिडाची प्लेट ओहायोतल्या स्प्रिंगफील्डच्या फाउंड्रीतून येते. पण साउंडबोर्डवरच्या, म्हणजे आवाज घुमवणाऱ्या फळीवरच्या, ब्रिजला (तारा टेकतात त्या लाकडी पट्टीला) तारांसाठी खाचा पाडणारा कारागीर हातात पटाशी घेऊन बसतो. टोक टेकवलं, तिरकी दाबली, ढलपी उडाली, पुढची खाच. दुसऱ्यांदा हात फिरवणं नाही. असा हात माझ्याकडे असता तर मी त्याला पगार विचारून दिला असता.

एका बंद खोलीत मशीन बोटांनी वाजवायच्या सगळ्या 88 पट्ट्या हजारो वेळा बडवत असतं, नवी यंत्रणा रुळावी म्हणून. आवाज भयंकर. त्याच्या अगदी उलट काम शेवटी: तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या लोकरी फेल्टमध्ये सुया टोचून सूर मऊ करतात. टोचायचं, वाजवायचं, ऐकायचं, परत टोचायचं. मुलीला टोचण्याआधीच्या आणि नंतरच्या सुरांतला फरक लगेच कळला. मला नाही कळला, पण कारागिराचं समाधान होत नव्हतं एवढं दिसलं.

फेरी आधी बुक करावी लागते आणि कामाच्या दिवशी सकाळी असते. एन किंवा डब्ल्यू मेट्रोने डिटमार्स या शेवटच्या स्टेशनवर उतरा, पुढे बरंच चालणं आहे. बूट घाला, चपला नकोत. मैफल ऐकायच्या आशेने जाणाऱ्यांनी दुसरीकडे तिकीट काढावं. इथे भुसा आहे, ग्लूचा वास आहे. सुतारकाम शिकणारा पोरगा घरात असेल तर त्याला मात्र नक्की न्या.