'हेलब्लेड' आणि सायकोसिसचा पहिला टप्पा: गेम उत्तम, पण हाती कधी द्यावा?

'हेलब्लेड: सेनुआज् सॅक्रिफाइस' या व्हिडिओ गेमची ओळख बहुतेक ठिकाणी सायकोसिसचा, म्हणजे भास आणि भ्रम यांमुळे वास्तवाशी नाते सुटू लागण्याच्या मानसिक अवस्थेचा, अनुभव देणारा गेम अशी करून दिली जाते. साहजिकच, ज्या घरातील एखाद्या तरुणाला किंवा तरुणीला नुकतेच आवाज ऐकू येऊ लागले आहेत आणि कोणीतरी आपल्या मागावर आहे असे वाटू लागले आहे, त्या घरातील माणसांना आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या समुपदेशकांनाही हा गेम आपल्या उपयोगाचा आहे का, असा प्रश्न पडतो. प्रस्तुत परीक्षण त्या प्रश्नापुरतेच आहे.

गेम ऑगस्ट २०१७ मध्ये प्रकाशित झाला. ब्रिटनमधील केंब्रिज येथील निंजा थिअरी या कंपनीच्या छोट्या चमूने तो तयार केला, वेलकम ट्रस्ट या आरोग्य संशोधनाला निधी देणाऱ्या ब्रिटिश संस्थेने त्यासाठी अर्थसाहाय्य दिले आणि केंब्रिज विद्यापीठातील मेंदूविज्ञानाचे प्राध्यापक व मानसोपचारतज्ज्ञ पॉल फ्लेचर यांनी सल्लागार म्हणून काम केले. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की सायकोसिसमधून स्वतः गेलेल्या लोकांना निर्मिती चालू असतानाच काम दाखवले जात होते आणि त्यांच्या सांगण्यावरून त्यात बदल होत होते. २०१८ साली मिळालेल्या पाच बाफ्टा (ब्रिटनमधील चित्रपट, टीव्ही आणि गेम क्षेत्रातील) पुरस्कारांपैकी एक केवळ मनोरंजनापलीकडे जाणाऱ्या गेमसाठीचा होता, आणि तो योग्यच म्हटला पाहिजे.

सेनुआ ही प्राचीन स्कॉटलंडमधील पिक्ट जमातीतील तरुण योद्धी. उत्तरेकडून आलेल्या आक्रमकांनी मारलेल्या आपल्या प्रियकराचा आत्मा परत आणण्यासाठी ती मृतांच्या लोकात शिरते. तिच्या आईलाही असेच आवाज ऐकू येत असत आणि बापाने त्या दोघींच्या अनुभवाला शाप ठरवले होते. सेनुआच्या यातनांपैकी किती वाटा आवाजांचा आणि किती त्या शापाच्या शिक्क्याचा, हा प्रश्न कथानक सतत जागा ठेवते. घरच्यांनी हा गेम पाहावा असे मला वाटते ते मुख्यतः या धाग्यामुळे.

गेमची खरी ताकद ध्वनीत आहे. डाव्या-उजव्या कानांना वेगवेगळा आवाज पोचेल अशा पद्धतीने त्याचे ध्वनिमुद्रण केलेले असल्यामुळे हेडफोन लावल्यावर कुजबूज खरोखरच मानेमागून येते, एक आवाज हिणवत असतानाच दुसरा घाबरून परत फिरायला सांगतो, तिसरा मध्येच हसतो, आणि लढाईच्या ऐन क्षणी त्यांच्यापैकीच एक जण मागून येणाऱ्या शत्रूची सूचना देऊन जीव वाचवतो. आवाज सगळेच वैरी नसतात, काही सोबतही करतात, आणि उपचारांनी ते कमी झाले की काही जणांना रितेपण जाणवते. औषध घ्यायला मूल का कचरते हे न समजणाऱ्या पालकांना इतक्या थोड्या वेळात ही गुंतागुंत कळवणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही.

कोडी मात्र दुधारी आहेत. पुढचे दार उघडण्यासाठी झाडांच्या फांद्या, सावल्या आणि पडक्या तुळया यांच्यात दडलेली अक्षरचिन्हे शोधावी लागतात. म्हणजे जिथे काही नाही तिथे खूण पाहावी लागते, आणि ती सापडली की गेम बक्षीस देतो. मानसोपचारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी २००३ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार सायकोसिसमध्ये डोपामिन या मेंदूतील रसायनाच्या बिघडलेल्या कार्यामुळे क्षुल्लक गोष्टींनाही अवाजवी महत्त्व चिकटते, रस्त्यावरचा फलक किंवा अनोळखी माणसाचे खोकणे आपल्यालाच उद्देशून आहे असे वाटू लागते. बाहेरच्या माणसाला ही अवस्था समजावण्यासाठी कोड्यांची रचना अतिशय चपखल आहे. परंतु ज्याचे मन याच काळात दिवसभर खुणा जुळवत आहे, त्याला खुणा जुळवल्याबद्दल शाबासकी देणारा खेळ देणे मला धोक्याचे वाटते.

त्याहूनही खटकणारी बाब सुरुवातीलाच येते. सेनुआच्या हातावर काळी सड पसरते, आणि प्रत्येक पराभवासोबत ती वर चढत जाईल व डोक्यापर्यंत पोचली की आतापर्यंतची सगळी प्रगती पुसली जाईल, असे गेम बजावतो. प्रत्यक्षात तसे काही होत नाही. ती निव्वळ हूल आहे. कलाकृती म्हणून ही युक्ती हुशारीची आहे, कारण खेळणाऱ्याच्या मनात खोटी भीती रुजवून ती सेनुआच्या भीतीशी त्याला जोडते. पण सर्व जण आपल्याशी खोटे बोलत आहेत अशी ज्याची आधीच खात्री झालेली आहे, त्याच्यासमोर ही हूल जशीच्या तशी ठेवू नये. सोबत बसणाऱ्याने ती आधीच फोडून सांगावी. रसभंग झाला तरी चालेल.

आणखी एक उणीव आहे, ती बहुधा या माध्यमाचीच. सायकोसिसच्या सुरुवातीच्या काळात कित्येकदा भासांपेक्षा अंथरुणातून न उठणे, मित्रांचे फोन न घेणे, वाचलेले डोक्यात न राहणे यांनीच आयुष्य अधिक थांबते, आणि घरच्यांना तो आळस वाटतो. खेळायचे म्हणजे काहीतरी करत राहायचे, त्यामुळे सेनुआ सतत चालते, लढते, पुढे जाते. निरिच्छतेचे चित्रण येथे जवळजवळ नाही. हा गेम पाहून आपल्याला सारे समजले असे कोणी समजू नये.

याला उपचारही समजू नये. उपचार म्हणून रचलेली डिजिटल साधने निराळी असतात. अवतार थेरपीत ऐकू येणाऱ्या आवाजाला संगणकावर चेहरा दिला जातो, थेरपिस्ट त्या चेहऱ्यामागून बोलतो आणि रुग्ण त्याला उत्तर द्यायला शिकतो. तिची १५० जणांवरील चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. ऑक्सफर्डमधील 'गेमचेंज' प्रकल्पात आभासी बस, कॅफे, रस्ता यांत वावरण्याचा सराव करून घेतला, आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चाचणीत ३४६ जण सहभागी होते. 'हेलब्लेड'ने असा दावा केलेला नाही, उलट सुरुवातीलाच त्यात आशयाविषयी स्पष्ट इशारा आहे.

मग उपयोग कोणता? माझ्या मते एकच, आणि तो मोठा आहे: बोलण्याला विषय मिळतो. समोरासमोर बसवून "तुला नेमके काय ऐकू येते?" असे विचारले की बरीच मुले गप्प होतात. शेजारी शेजारी बसून, दोघांचेही डोळे पडद्यावर असताना, "माझे आवाज असे नाहीत, ते एवढ्या जोरात बोलत नाहीत" हे वाक्य सहज निघू शकते. त्या क्षणी जाणकार तो असतो आणि आपण शिकाऊ. मात्र ही वेळ तीव्र लक्षणे ओसरल्यानंतरची, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून ठरवलेली, आणि खेळ केव्हाही बंद करण्याचा अधिकार त्या तरुणाकडेच ठेवलेली असावी. हेडफोनऐवजी स्पीकर लावावा, म्हणजे आवाज कानात न शिरता खोलीत राहतात. खेळणे दिवसा व्हावे. झोपमोड हा या आजारात लक्षणे वाढवणारा घटक आहे, आणि हा गेम रात्री खेळल्यावर निरोगी माणसालाही लवकर झोप लागत नाही.

तलवारबाजी पुढे पुढे तीच ती होते, पण काठिण्य कमी करण्याची सोय आहे आणि ती निःसंकोच वापरावी. संपूर्ण गेम सात-आठ तासांत संपतो. पालकांना तेवढाही वेळ नसेल तर मुख्य मेनूतच निर्मितीविषयीचा सुमारे २५ मिनिटांचा माहितीपट आहे; कंट्रोलर हाती न धरता तो आधी पाहावा. आणि सेनुआ फारच जड जात असेल तर तिच्यावाचून काही अडत नाही: तो तरुण आधीपासून जो गेम खेळत असेल, मग तो फुटबॉलचा असो की 'माइनक्राफ्ट', त्यात दुसरा कंट्रोलर मागून घ्यावा आणि कसे खेळायचे ते त्यालाच शिकवायला सांगावे.