चिंता कमी करणारं अ‍ॅप चार महिने पैसे भरून वापरलं, त्याचा रिव्ह्यू

नाव टाकत नाहीये हे आधीच सांगते. एक तर मला कुणाशी वाद नकोय, आणि दुसरं म्हणजे ही सगळी अ‍ॅप्स एकाच साच्यातून काढल्यासारखी आहेत. फिकट हिरवा-निळा रंग, गोल तोंडाचं काहीतरी कार्टून आणि उघडल्या उघडल्या "आज कसं वाटतंय?". मी जे घेतलं त्यात चोवीस तास बोलणारा एक बॉट आहे, आठवड्यातून एकदा खऱ्या कौन्सेलरशी व्हिडिओ कॉल आहे, आणि बारा आठवड्यांची एक ग्रुप बॅच आहे ज्यात पाच-सहा अनोळखी लोक आठवड्याला पाऊण तास भेटतात. पैसे माझे स्वतःचे, कुणी फुकट वापरायला दिलेलं नाही.

घेतलं का, तर वय २४, नोकरी सहा-सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर, कॉलेजचे मित्रमैत्रिणी पांगलेले, आमच्या ग्रुपवर आता फक्त वाढदिवसाचे केक उरलेत. आणि रात्री एक वाजला की छातीत धडधड सुरू. मग ती धडधड सर्च करायची, मग सर्चमध्ये जे दिसेल त्याने अजून धडधड. अशाच एका रात्री जाहिरात दिसली आणि डाउनलोड केलं. म्हणजे बघा, जाहिरात बरोबर एक वाजता दिसते.

सुरुवातच डोकं फिरवणारी होती. सात प्रश्न विचारले, गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा अस्वस्थ वाटलं, काळजी थांबवता आली नाही, चिडचिड झाली वगैरे, प्रत्येकाला ० ते ३ मार्क. मी सगळे भरले आणि मग स्क्रीनवर "तुझा पर्सनल रिपोर्ट तयार आहे" आणि रिपोर्ट धूसर केलेला, बघायचा तर पैसे भरा. भरले. एक वाजता माणूस काहीही भरतो. २१ पैकी १४ आले. नंतर कळलं की ही जीएडी-७ नावाची चिंता मोजायची प्रश्नावली आहे, स्पित्झर नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये काढलेली, कुणालाही फुकट वापरता येते. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र, सात आकडे तर कुणीही बोटांवर मोजेल. शिवाय ही फक्त चाळणी आहे, तुम्हाला नक्की काय झालंय ते यातून ठरत नाही, ते डॉक्टरच सांगणार. हे वाक्य अ‍ॅपमध्ये आहे, अगदी तळाशी, मुंगीच्या अक्षरात. या एका गोष्टीसाठी मी एक स्टार सरळ कापलाय.

बॉटबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. पहिले दोन दिवस भारी वाटतं, कुणीतरी लगेच रिप्लाय देतंय, ब्लू टिक करून गायब होत नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात येतं की आपलंच वाक्य उलटं करून आपल्याला परत मिळतंय. मी लिहिलं, "दादाचं सगळं सेट आहे, माझंच काही नाही." उत्तर आलं, "तुझंच काही नाही असं तुला वाटतंय, हे ऐकून वाईट वाटलं. याबद्दल अजून सांगशील?" ही युक्ती १९६६ पासूनची आहे बरं का, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या जोसेफ वायझेनबॉमने एलायझा नावाचा प्रोग्रॅम केला होता, तो हेच करायचा आणि तेव्हाही लोक त्याच्याजवळ मन मोकळं करायचे, आणि हे बघून स्वतः वायझेनबॉमच हादरला होता. आताचा बॉट अर्थातच जास्त गोड बोलतो. पण एका रात्री त्याने मला विचारलं, "पुढच्या पाच वर्षांत तू स्वतःला कुठे बघतेस?" त्याच दिवशी सकाळी इंटरव्ह्यूत मला हाच प्रश्न विचारलेला आणि मी तिथे ततपप केलेलं. फोन उशीखाली टाकून दिला.

आणि ते स्ट्रीक! रोज मूड नोंदवा, सलग किती दिवस झाले त्याचा आकडा वाढत जाणार. दोन दिवस विसरले तर कार्टूनचं तोंड पडलं आणि रात्री ११.४० ला नोटिफिकेशन, "आम्हाला तुझी काळजी वाटतेय." अरे बाबांनो, मला नुकतीच झोप लागली होती. सेटिंगमध्ये जाऊन पहिलं काम हे करा, नोटिफिकेशन बंद आणि स्ट्रीक लपवा. पर्याय आहे, फक्त चार मेनू खोल पुरलाय.

आता चांगलं. अ‍ॅपमध्ये एक कोपऱ्यातलं टूल आहे, दिसायला एकदम पकाऊ, "चिंतेची वेळ". रोज एक ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा, अर्धा तास. दिवसभरात जी काही चिंता येईल ती एका ओळीत लिहून ठेवायची आणि स्वतःला म्हणायचं, साडेसहाला बघू. साडेसहाला बसायचं आणि मनसोक्त चिंता करायची, वेळ संपली की उठायचं. झोपायच्या आधी नाही आणि बिछान्यात तर अजिबात नाही. ही पद्धत बोर्कोवेक नावाच्या सायकॉलॉजिस्टने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेली, त्यामागचा विचार असा की चिंता सगळीकडे चिकटत जाते, उशीला, टेबलाला, बसच्या सीटला, आणि मग ती जागा दिसली तरी डोकं सुरू होतं. तर तिला एकच खुर्ची द्यायची.

मला आधी हसू आलं. पहिल्या आठवड्यात नुसती धुसफुस, कारण "नंतर बघू" म्हटलं म्हणून चिंता ऐकते थोडीच. पण लिहून ठेवलं की ती जरा गप्प बसते, तिची नोंद झाली ना. माझी एका दिवसाची यादी बघा: दाढ दुखतेय, डॉक्टरकडे जायचं राहतंय. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू नाही झालं तर. आईच्या मेसेजला रिप्लाय दिला नाही. एआय माझं काम खाणार. सगळे पुढे गेले. आता साडेसहाला हे पाच एकाखाली एक दिसतात तेव्हा गंमत कळते, की यातल्या काहींना फोन नंबर आहे आणि काहींना नाही. दाढेला आहे. मी त्याच अर्ध्या तासात फोन लावून अपॉइंटमेंट घेतली, आईला मेसेज टाकला, दोन ओळी खोडल्या. रात्री एक वाजता हेच पाचही मला एकाच मापाचे, डोंगराएवढे वाटायचे.

एआयवाली ओळ मात्र सलग एकतीस दिवस यादीत होती, मी मोजलंय. ती जात नाही. कौन्सेलर म्हणाल्या की तिला घालवायला जाऊच नकोस, या आठवड्यात तिच्या जवळपासचं एक काम कर. म्हणून मी मॅनेजरना सरळ विचारलं की रिन्यू होणार का. ते म्हणाले अजून ठरलेलं नाही. म्हणजे उत्तर मिळालं नाहीच, पण निदान महिनाभर त्यांच्या चेहऱ्यावरून अंदाज काढत बसायचं बंद झालं.

कौन्सेलरबद्दल. पहिल्या ज्या मॅडम मिळाल्या त्या खरंच चांगल्या होत्या. धडधडीचं ऐकल्यावर त्यांनी पहिल्याच कॉलला विचारलं, रक्त तपासलंय का, थायरॉइड बघितलंय का, आणि दुपारनंतर कॅफिन किती घेतेस. थायरॉइड जास्त चाललं तरी असंच धडधडतं, हात थरथरतात, झोप उडते, आणि आपण समजतो टेन्शन आहे. बॉटशी मी तीन आठवडे धडधडीबद्दल बोलत होते, त्याने हे एकदाही विचारलं नव्हतं. तपासणी नॉर्मल आली. कॅफिनचं मात्र नॉर्मल नव्हतं, संध्याकाळी सहाला घेतलेल्यातलं अर्धं साधारण पाच तासांनीही अंगात असतं हे मला माहीतच नव्हतं, आणि मी सहाला घेऊन परत आठला घ्यायचे. ते दुपारी दोनवर आणलं. धडधड पूर्ण गेली नाही, पण रोजची आठवड्यातून एकदा झाली.

आणि मग दुसऱ्या महिन्यात काही न सांगता मॅडम बदलल्या. कॉल जोडला तर समोर दुसराच चेहरा, "हाय, मला तुझ्याबद्दल सांग." परत दादा, परत कॉन्ट्रॅक्ट, परत रात्रीचा एक. तक्रार केली तर "तुझ्या भावना समजू शकतो" असं उत्तर आलं, मला वाटतं तेही बॉटनेच लिहिलेलं. ज्यांना खरंच मोठा त्रास आहे, स्वतःला इजा करावीशी वाटतेय वगैरे, त्यांनी अशा अ‍ॅपवर थांबूच नका, थेट डॉक्टर, हॉस्पिटल, हेल्पलाइन, घरातलं कुणीतरी. हे प्रकरण तेवढ्यासाठी बनलेलंच नाही.

ग्रुपला मी फक्त पैसे भरलेत म्हणून गेले होते. पहिल्या दिवशी सहा काळे चौकोन, सगळ्यांचे कॅमेरे बंद, कुणाच्या तरी पंख्याची घरघर. कॉल चालवणाऱ्या बाईंनी विचारलं कोण सुरुवात करतंय, आणि त्या गप्प बसल्या. त्या भयंकर गप्प बसतात, अर्धा-पाऊण मिनिट, आपल्यालाच घाम फुटतो. मग एक मुलगा बोलला, "मी शुक्रवारपासून कुणाशी तोंडाने बोललेलो नाहीये, आवाज येतोय का तेवढं सांगा." त्या दिवशी बुधवार होता. एकजण फिस्सकन हसली, मग तोही हसला, आणि एकेक कॅमेरा उघडत गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात आहे की जगात दर सहांतला एक जण एकटेपणात आहे. आमच्या कॉलमध्ये सहापैकी सहा होते, आमच्या कॉलचा हिशेब वेगळा.

मला वाटायचं भविष्याची भीती म्हणजे नोकरी. पण इथे एकीला हवामानाची होती, उष्णता, पूर, आणि या जगात मूल होऊ द्यावं का हा प्रश्न ती खरोखर रात्री जागून करत होती. आधी मनात आलं की ही जरा जास्तच करतेय. पण २०२१ मध्ये दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार मुलामुलींचा हवामानबदलावर एक मोठा सर्व्हे झालाय, लॅन्सेटच्या एका जर्नलमध्ये आलेला, त्यात शंभरातल्या पंच्याहत्तरांनी भविष्याची भीती वाटते म्हटलंय. म्हणजे ती जास्त करत नव्हती, मीच दुसरीकडे बघत होते. आणखी एकाचे वडील आजारी, तो घरी सगळं एकटा करतो, त्याला भविष्याची चिंता करायला वेळच नाही आणि तो हे इतक्या साधेपणाने बोलला की आम्ही पुढे काय बोलावं ते कळेना.

बाराही आठवडे गेले मी. कॉन्सेप्ट काही खास नाही, कुणी सल्ला द्यायचा नाही, मध्ये बोलायचं नाही, एवढंच. पण बुधवारी माझी वाट बघणारी पाच माणसं होती आणि मी नाही आले तर ते विचारायचे, कार्टून नाही.

पैशांच्या बाबतीत दोन गोष्टी सांगते, कारण मी फसलेय. अ‍ॅप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन थांबत नाही, फोनच्या स्टोअरमध्ये जाऊन वेगळं कॅन्सल करावं लागतं, मी चौथ्या महिन्याचे पैसे असेच भरलेत. आणि साइनअप करताना परवानग्या वाचा. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, एका मोठ्या ऑनलाइन थेरपी कंपनीला ७८ लाख डॉलर भरायला लावलेत, कारण लोकांची आरोग्याची माहिती जाहिरातीसाठी बाहेर दिली होती. मी आता मूड वगैरे काही अ‍ॅपमध्ये लिहीत नाही, चिंतेची यादी साध्या वहीत आहे.

पाचपैकी तीन स्टार. ग्रुप बॅच असेल तरच घ्या, बॉटसाठी तर मुळीच नको, आणि चिंतेची वेळ शिकायला पैसे लागत नाहीत, वर लिहिलंय तेवढंच आहे ते.

एक राहिलं. जेफ्री हॉल म्हणून एक संशोधक आहे, त्याने २०१८ मध्ये हिशेब काढला होता की ओळखीच्या माणसाशी जुजबी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात, मित्र म्हणण्याइतकं व्हायला ९०, आणि जवळच्या मैत्रीला २०० च्या वर, आणि ऑफिसात शेजारी बसलेले तास त्यात फारसे धरायचे नाहीत. वाचल्यावर मी कॅल्क्युलेटर काढला. आठवड्याला पाऊण तास, म्हणजे वर्षाला ३९ तास, म्हणजे २०० व्हायला पाच वर्षं. पाच वर्षांनी कुठे असशील याचं उत्तर मला असं मिळालं. बॅच चालू असताना एकमेकांचे नंबर घ्यायचे नाहीत असा नियम होता, तो मला पटतो. बॅच संपल्यावर हवामानवालीने आणि मी घेतले. आता रविवारी दुपारी दोघी व्हिडिओ चालू ठेवतो, ती तिचं वाचते, मी अर्ज भरते, अधूनमधून काहीतरी बोलतो, बऱ्याचदा नुसता तिच्या खुर्चीचा करकर आवाज. चिंतेच्या वहीच्या मागच्या पानावर मी तासांच्या रेघा मारते, तिला माहीत नाहीये. काल २३ झाले.