अक्कलखाती ६९,५०० बात

बँकॉकमध्ये घर भाड्याने घेताना मी फसलो. किती पैसे गेले तो आकडा आधी बातमध्ये, म्हणजे थाई चलनात, सांगून टाकतो, लाज वाटायची ती एकदाच वाटू दे. ६९,५०० बात. मे २०२४ च्या भावाने रुपयांत दीड लाखाच्या वर. तपशील असा: बुकिंगचे ५,०००, डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं मिळून उरलेले ६१,०००, दोन की-कार्डांचे २,००० आणि टीएम-३० भरून देण्याचे १,५००. हे शेवटचे १,५०० सगळ्यात जास्त झोंबतात. टीएम-३० ला एक बातसुद्धा लागत नाही. परदेशी माणूस राहायला आला की चोवीस तासांत इमिग्रेशनला कळवायचं, ते काम घरमालकाचं, आणि हे मला चांगलं माहीत होतं. बँकॉकला येऊन मला तेव्हा तीन वर्षं झाली होती. नवखा असतो तर निदान तेवढं तरी म्हणता आलं असतं.

त्यातून मी अकाउंट्सचा माणूस. बांगपूच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याची पेमेंट्स माझ्या सहीने सुटतात. बिलावरचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव यांत एका अक्षराचा फरक दिसला तरी मी कागद परत धाडतो. ऑफिसात यावरून माझी चेष्टा होते. 

तीन वर्षं मी बेरिंगला ९,००० च्या एका खोलीत एकटा राहत होतो. ८ जूनला ही आणि मुलगी नाशिकहून येणार होत्या, तिकिटं काढलेली, जुन्या खोलीची नोटीस दिलेली, ३१ मेला बाहेर पडायचं ठरलेलं.    उदोमसुक स्टेशनजवळ दोन बेडरूमचा कोंडो, म्हणजे फ्लॅट, भाडं २२,०००, ही जाहिरात मला आपल्याच लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिसली. आपल्या ग्रुपवर आलंय म्हणजे कुणीतरी खात्री केली असणार, असं प्रत्येकाला वाटतं. ज्याने टाकली त्याला विचारलं तर त्याला ती दुसऱ्या ग्रुपवरून आलेली. खात्री कुणीच केलेली नव्हती. मीही नाही.

रविवारी, १९ मेला, खोली बघायला गेलो. एजंट बाई तिशीची, स्वच्छ इंग्रजी, गळ्यात ओळखपत्राची दोरी, हातात टॅब. लिफ्टमध्ये तिच्याशेजारी उभा राहून मी भिंतीवरची सूचना वाचली. वेळ घालवायला आपण वाचतो तशी. थाई, इंग्रजी आणि चिनी, तिन्ही भाषांत एकच मजकूर: या इमारतीत रोजच्या भाड्याने खोली देणं बेकायदा आहे. अशी पाटी इथल्या शेकडो इमारतींत असते, कारण तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीने खोली द्यायची तर हॉटेलचा परवाना लागतो. पाटी असते याचाच अर्थ तो धंदा त्या इमारतीत चालतो, एवढं साधं डोक्यात आलं नाही. वर खोलीत पलंगावर दोन टॉवेल गुंडाळ्या करून ठेवलेले. टेबलावर पाण्याच्या दोन छोट्या बाटल्या. दारामागे वायफायचा पासवर्ड लॅमिनेट करून चिकटवलेला. वर्षाच्या कराराने राहणाऱ्याच्या घरात वायफायचा पासवर्ड लॅमिनेट करून कोण लावतं हो? मी काय केलं, तर खोली किती टापटीप आहे म्हणून फोटो काढून हिला पाठवले. त्यातल्या एका फोटोत तो कागद अजून दिसतो.

डाव तुम्ही ओळखला असेलच. खोली चार-पाच दिवसांसाठी रोजच्या भाड्याने घ्यायची, आलेल्या गिऱ्हाइकांना मालकाची म्हणून दाखवायची, प्रत्येकाकडून डिपॉझिट घ्यायचं, आणि ताबा मात्र सगळ्यांना पुढच्या महिन्याच्या एक तारखेला.

करारावर सह्या बुधवारी, २२ मेला. त्या दिवशी विशाखा पूजा, म्हणजे बुद्धपौर्णिमा, सरकारी सुट्टी. कोंडोच्या सोसायटी ऑफिसला इथे 'निती' म्हणतात, आपल्या नीतीचंच भावंड. ते बंद. रविवारी खोली दाखवली तेव्हाही बंदच होतं. योगायोग नव्हे हा. निती उघडी असेल अशा वारीच पैशांचा व्यवहार करा, आणि काउंटरवरच्या बाईला तुमच्यासमोर मालकाला फोन लावायला सांगा. ती नंबर देणार नाही, पण फोन लावेल.

बाईने मालकाच्या ओळखपत्राची झेरॉक्स दिली. इथली माणसं अशा झेरॉक्सवर दोन तिरक्या रेघा मारून, कशासाठी दिली ते हाताने लिहून सही करतात. कॉपी दुसरीकडे वापरली जाऊ नये म्हणून. या झेरॉक्सवरही रेघा होत्या, थाईत निळ्या पेनने काहीतरी लिहिलेलं होतं, खाली सही होती. मला तर ते बघून उलट भरवसा वाटला! काय रीतसर माणसं आहेत! जूनमध्ये ती कॉपी मी ऑफिसातल्या पीला दाखवली (पी म्हणजे ताई, वयाने मोठी म्हणून सगळेच तिला तसं म्हणतात). तिने चष्मा कपाळावर चढवला आणि दोन सेकंदांत वाचून दाखवलं: 'फक्त इंटरनेट जोडणीच्या अर्जासाठी.' कुणा बिचाऱ्याने वायफाय घेताना दिलेली झेरॉक्स, आणि मी तिच्या जोरावर घर घेत होतो. तीन वर्षांत मी थाई बोलायला शिकलो, भाजी घेण्यापुरतं. वाचायला शिकलो नाही. तुम्हाला वाचता येत नसेल तर सही करण्याआधी प्रत्येक कागदाचा फोटो एखाद्या थाई सहकाऱ्याला पाठवा. लाजू नका, मी लाजलो.

आता ती घटका. लॉबीतल्या सोफ्यावर बसून मी क्यूआर स्कॅन केला. इथल्या बँकेच्या अॅपमध्ये पैसे जाण्याआधी समोरच्याचं नाव दिसतं, 'कन्फर्म' दाबेपर्यंत ते तुमच्याकडे बघत असतं. करारावर मालक 'मिस्टर'. स्क्रीनवर 'मिस'. आडनावही वेगळं. मी विचारलं, नाही असं नाही. बाई म्हणाली, "मालकाची मुलगी आहे, वडिलांना अॅप जमत नाही." माझ्या वडिलांनाही जमत नाही. मी मान हलवली. मुलीचं आडनाव वेगळं कसं, तर लग्न झालं असेल. आणि लग्न झालं असेल तर 'मिस' कशी? (इथे लग्नानंतरही 'मिस' राहता येतं, पण विचारायला तरी हवं होतं.) हा प्रश्न मला रात्री अडीच वाजता सुचला, तोही तीन आठवड्यांनी. बरं, हे नाव मी एकदा पाहिलेलं नाही. बुकिंगला पाहिलं, मग ४९,००० ला, मग १२,००० ला, मग कार्ड आणि टीएम-३० च्या ३,५०० ला. चार वेळा. एखाद्या सप्लायरने असं बिल पाठवलं असतं तर मी त्याला खरमरीत मेल केला असता.

आणि ४९,००० अधिक १२,००० असे तुकडे का? कारण ५०,००० च्या वरच्या व्यवहाराला अॅप चेहरा स्कॅन करायला लावतं. बाई म्हणाली, परदेशी लोकांचा स्कॅन अडकतो, दोनदा पाठवा. खरं सांगायचं तर माझा चेहरा शाखेत जाऊन नोंदवलेला नव्हताच, त्यामुळे स्कॅन अडकलाच असता. तो अडकला असता तर मी वाचलो असतो. कुणीही रक्कम तोडून पाठवायला सांगितलं की तिथेच उठा.

अशा खात्याला थाईत 'बान्ची मा' म्हणतात, शब्दशः घोडा-खातं. कुणीतरी गरजू पोरगी चार पैशांसाठी स्वतःच्या नावाचं खातं विकते आणि पैसा त्यावर स्वार होऊन निघून जातो. २०२३ च्या कायद्याने असं खातं देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि ३ लाख बातपर्यंत दंड आहे. माझा घोडा त्याच संध्याकाळी रिकामा झाला होता.

शनिवारी, १ जूनला, दोन बॅगा आणि तांदळाचा कुकर घेऊन दारात उभा राहिलो. कार्ड लाल दिवा दाखवी. गार्डला कराराचा कागद दाखवला. तो हसला, पण कुत्सित नाही, दयेने. असा मी पहिला नसणार. वर त्या खोलीत कुणी पर्यटक जोडपं होतं. बाईचं लाइन या चॅट अॅपवरचं खातं गायब. सोमवार ३ जून म्हणजे राणीचा वाढदिवस, पुन्हा सुट्टी, म्हणजे निती बंद, बँक बंद. तीन रात्री हॉटेलात, १,२०० प्रमाणे ३,६००. हे ६९,५०० मध्ये धरलेले नाहीत.

आता पोलीस. पहिल्या ठाण्यात विचारलं, राहता कुठे? बेरिंगला म्हणालो. मग तो समुत प्राकानचा, शेजारच्या प्रांताचा भाग, तिकडे जा. तिकडे गेलो, तर सही कुठे केली? उदोमसुकला. मग ते बँकॉक, इकडे कशाला आलात? परत पहिल्या ठाण्यात. तिथे दुसरा अधिकारी. त्याने करार उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, हा 'फँग' आहे, म्हणजे दिवाणी, घरमालक-भाडेकरूचा वाद, कोर्टात जा. अहो, घरमालकच नाही तर वाद कुणाशी? मग माझा टीएम-३० मागितला. नव्या पत्त्याचा अर्थातच नव्हता, जुना पत्ता सोडलेला. चोर सोडून माझेच कागद तपासायला लागले. पाच तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्यावर मला एक शिक्का मारलेला कागद मिळाला. मी तो जपून फाइलला लावला, वाटलं तक्रार झाली.

तो कागद घेऊन बँकेत गेलो. टोकन, पाऊण तास. काउंटरवरच्या मुलीने वाचून अदबीने हात जोडले: ही नुसती नोंद आहे, तक्रार नाही, तक्रारीचा कागद आणा. ठाण्यात गेलो. ते म्हणाले, बँकेकडून खात्याचा तपशील आणा. बँक म्हणाली, तो पोलिसांनाच मिळतो. हे जून आणि जुलै, ऑफिसातून अर्ध्या रजा काढून. इंग्रजीत बोलणाऱ्या एका हेल्पलाइनने तर विचारलं, तुम्ही पर्यटक आहात का? नाही, नोकरी करतो म्हटल्यावर आवाजच बदलला. इथे पैसे भरताना आपण पाहुणे असतो आणि पैसे गेले की स्थानिक.

त्या कागदाचा अर्थ ऑगस्टच्या शेवटी पीने समजावला. आपल्याकडे एनसी आणि एफआयआर यांत जो फरक, तसाच इथे. 'लाँग बंथुक' म्हणजे डायरीत नोंद, बस. गुन्हा दाखल करून कारवाई हवी असेल तर तोंडाने 'चेंग ख्वाम' म्हणावं लागतं, आणि कारवाईची इच्छा आहे असं लिहून घ्यावं लागतं. साध्या फसवणुकीचा गुन्हा, कलम ३४१, तडजोड होण्याजोगा असल्यामुळे गुन्हा आणि गुन्हेगार कळल्यापासून तीन महिन्यांत तक्रार केली नाही तर दारच बंद. 'गुन्हेगार कळला' कधी म्हणायचं यावर वकील भांडतील, पण मी १ जूनपासून मोजलं आणि घाम फुटला. २६ ऑगस्टला, सोमवारी, पीने रजा काढली आणि माझ्याबरोबर ठाण्यात आली. तिच्यासमोर तोच अधिकारी, तेच टेबल, चाळीस मिनिटांत तक्रार. तेव्हापासून 'तपास चालू आहे'. खातेधारक मुलगी कुठल्याशा लांबच्या प्रांतातली, एवढंच कळलंय.

पैसे गेल्याचं कळल्या मिनिटाला बँकेच्या हॉटलाइनवर किंवा १४४१ या ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, आधी ठाण्यात जाऊ नका. बँक रक्कम तात्पुरती रोखते, मग ७२ तासांत पोलिसांत तक्रार करायची. मला हे कळायला दहा दिवस उशीर झालाच होता, कारण फसलोय हेच दहा दिवस माहीत नव्हतं. लाइट बिल मागा, त्यावर नाव असतं. दोन महिन्यांचं डिपॉझिट मागितलं म्हणजे लगेच लबाड असं नाही, एक-दोन खोल्यांचे मालक सर्रास मागतात.

आणि मला मूर्ख म्हणण्याआधी एवढं करा. सतरा दिवसांत बायको-मुलगी येणार, शाळेला आणि व्हिसाला पत्ता हवा, दिवसा नोकरी, अशा वेळी समोर एक हसरी बाई किल्ली पुढे धरतेय, हे डोळ्यांसमोर आणा. मग म्हणा.

ही आता इथेच आहे, पुनावितीला दुसरं घर मिळालं, निती उघडी असताना घेतलं. तिला मी ४४,००० गेले असं सांगितलंय, फक्त डिपॉझिट. बाकीचे २५,५०० तिला हे वाचूनच कळतील.