सिटी व्हीटेक आणि पोलो जीटी टीएसआय : आठ महिन्यांनंतर

आठ महिने दोन गाड्या वापरात आहेत : 2001 ची होंडा सिटी 1.5 व्हीटेक, 2014 ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय. ताकद जवळपास सारखीच, 106 आणि 105 घोडे. बाकी आकडे सगळ्यांना पाठ आहेत, त्यामुळे थेट काडेपेटीपेक्षा जरा मोठ्या डबीकडे वळूया.

ती डबी म्हणजे सिटीचा मेन रिले, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा करंट चालू-बंद करणारा स्विच. एप्रिलच्या उन्हात गाडी तासभर उभी राहिली की स्टार्टर फिरतो, पण इंजिन पकडत नाही. काचा उघडून पंधरा मिनिटं थांबलं की गुमान चालू. केबिन तापली की रिलेच्या पिनांभोवती सोल्डरला गेलेल्या बारीक भेगा उघडतात आणि त्या पंपाचा करंट तुटतो. परीक्षा फुकटची आहे : चावी ऑन केल्यावर मागून दोन सेकंद पंपाची गुणगुण आली पाहिजे. नाही आली तर आधी रिले बघा. एका सर्व्हिस सेंटरने यावर पंप आणि डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) दोन्हींचं कोटेशन हातात ठेवलं होतं!

डबी उघडून भिंगातून पाहिलं की पिनेभोवती काळी गोल रेघ दिसते. जुनं सोल्डर पूर्ण ओढून काढायचं, मग नवं भरायचं. वरून नुसता ठिपका दिला तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. टीव्ही दुरुस्तीवाला अर्ध्या तासात हे काम करतो.

व्हीटेक, म्हणजे जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह जास्त उघडणारी यंत्रणा, लागत नसेल तर आधी ऑइलची पातळी बघा, मग तिच्या सोलेनॉइडच्या (विजेवर चालणाऱ्या झडपेच्या) गॅस्केटमधली जाळी. सगळा खेळ ऑइलच्या दाबाचा आहे.

पोलोबद्दल पहिल्या दोन महिन्यांचं मत ‘पांढरा हत्ती’ असं होतं. गगनबावड्याच्या घाटात ते बदललं. 175 न्यूटन मीटर टॉर्क 1500 आरपीएमलाच हातात येतो. सिटीला तिथं दुसरा गिअर टाकून ओरडायला लावावं लागतं, पोलो गप्प चढते.

पण कोल्हापुरात महाद्वार रोडच्या गर्दीत डीएसजी, म्हणजे पोलोचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, घेऊन जाऊ नका. त्यात दोन कोरडे क्लच आहेत, ऑइलमध्ये बुडालेले नाहीत. इंच-इंच सरकताना ते अर्धे लागलेले राहतात आणि तापतात. पुढं एक गाडी मावेल एवढी जागा होऊ द्यावी, मगच ब्रेक सोडावा. थांबल्यावर ब्रेक पूर्ण दाबावा, म्हणजे क्लच सुटतो. ज्योतिबाच्या चढावर रांगेत असाल तर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची नाही, हँडब्रेक लावायचा. सेकंडहँड बघताना गार आणि गरम, दोन्ही वेळा पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथर आहे का तपासा. डॅशबोर्डवर गिअरची अक्षरं लुकलुकली तर मेकाट्रॉनिकची (डीएसजीचे गिअर आणि क्लच चालवणाऱ्या युनिटची) शंका धरा आणि सौदा तिथंच सोडा. उद्यमनगरात लेथवर बुश टर्न करून मिळेल, मेकाट्रॉनिक नाही.

सिटीला इथेनॉल 20 टक्क्यांच्या पेट्रोलचा त्रास आहे. जुने रबरी पाइप फुगतात, म्हणून क्लिपांशी ओल आणि वास दर महिन्याला बघावा. शिवाय पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग आणि वर ग्रीन टॅक्स. तरीही पोलो विकायला काढलीय. सिटीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये सोल्डर केलेला एक जादा रिले ठेवलाय.