ईशापूर २ए१ रायफल : वर्षभराच्या वापरानंतर

महाराष्ट्रात पोलिसांच्या खांद्यावर थ्री-नॉट-थ्री पाहिलेल्याला ईशापूर २ए१ तीच वाटेल. पण ही वेगळी. १९६२च्या चीन युद्धानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीने घडण जुन्या ली-एनफिल्डची, म्हणजे त्या थ्री-नॉट-थ्रीचीच ठेवली, पोलाद जास्त मजबूत घेतले आणि ७.६२ नाटो काडतुसासाठी ही रायफल बनवली. माझी इथे ह्यूस्टनला सरप्लसमधून, म्हणजे लष्कराच्या जुन्या मालातून घेतलेली. आपल्या देशात घडलेली म्हणून तिच्यावर माझा विशेष जीव आहे.

ओळखायला आधी मॅगझिन पाहा. हिचे बारा काडतुसांचे आणि तळाला जास्त चौकोनी. मग मागची साईट, म्हणजे नेम धरायची पट्टी : आधीच्या २ए मॉडेलवर २०००पर्यंतचे आकडे, २ए१वर ८०० मीटरपर्यंतच. दस्ता (खांद्याला टेकणारे लाकूड) जिथे बसतो त्या पोलादी कड्यावर आरएफआय (रायफल फॅक्टरी ईशापूर) आणि साल कोरलेले असते. बोल्टचा, म्हणजे काडतूस आत ढकलून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याचा नंबर, तो ज्या सांगाड्यात सरकतो त्या रिसीव्हरशी जुळतो का तेही बघा. जुळला तरी गोळी झाडण्याआधी गनस्मिथकडून गेज लावून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा, तपासून घ्या. .३०८ विंचेस्टर ही नागरी गोळी दिसायला तशीच असली तरी मी ७.६२ नाटोच वापरतो.

बोल्ट सुरेख चालतो. दस्त्याची टोपी धातूची, त्यामुळे खांद्याला धक्का चांगलाच बसतो.

खरे लक्ष लाकडाला द्यावे लागते. दस्ता काढायचा असेल तर पुढचे लाकूड आधी उतरवायलाच हवे. दस्ता जखडणाऱ्या, त्याच्या आतल्या लांब स्क्रूसारख्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. तो तसाच फिरवला की पट्टी फिरते आणि लाकूड चिरते. विकत घेतानाच त्या जागी चीर आहे का बघा. पुढच्या लाकडातून आडवा गेलेला स्क्रू मात्र कुणाची डागडुजी नव्हे, ती ईशापूरचीच खूण. जुने ग्रीस उन्हात पाझरू द्यायचे, पुसायचे, मग कच्चे जवसाचे तेल अगदी पातळ हाताने लावायचे. व्हार्निश नको. धातूवरचा काळा रंगही खरवडू नका, इथल्या दमट हवेत तोच गंज अडवतो. पावसाळी दिवशी रेंजवर गेलो तर घरी आल्यावर लाकूड उतरवून बॅरलची खालची बाजू पुसतो, तेलाचा हात देतो.

जादा मॅगझिन मिळाले तर लगेच घ्या. थ्री-नॉट-थ्रीच्या मॅगझिनचे ओठ कडावाल्या (बुडाला बाहेर आलेली कड असलेल्या) काडतुसासाठी असतात, ते इथे कामाचे नाही.