पार्थियन बख्तरबंद स्वारांचा संच: आठ महिने वापरून झाल्यावर

टेबलावरच्या युद्धखेळासाठी जूनमध्ये घेतलेल्या छोट्या मूर्तींच्या संचाबद्दल आत्ता फेब्रुवारीत लिहितोय. सहा स्वार, सहा घोडे, व्हाइट मेटल (कथिलाचा मिश्रधातू), माणसाची उंची २८ मिमी. कंपनीचं नाव घेत नाही, कारण तक्रार आहे. तक्रार भाल्याची.

पार्थियन म्हणजे प्राचीन इराणचे राज्यकर्ते. त्यांच्या या स्वारांना कॅटाफ्रॅक्ट म्हणतात, आणि त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे कोंटोस, साधारण ४ मीटरचा भाला. तलवार आणि गुर्ज हे नंतरचं काम. या मापात भाला ७ सेंमीच्या आसपास हवा. डब्यातले भाले जेमतेम ५ सेंमी, तेही इतके मऊ, की दुसऱ्या रविवारचा खेळ संपेपर्यंत सहाच्या सहा उकडलेल्या शेवग्याच्या शेंगांसारखे लोंबत होते.

त्याहून खटकला तो हात. मूर्तीत भाला एका हाताने काखेत दाबलाय आणि दुसऱ्या हातात ढाल. अहो, हा भाला दोन्ही हातांनी धरायचा! लगाम सैल सोडून, आणि रिकीब तर त्या काळी नव्हतीच. एका ग्रीक लेखकाने वर्णन केलंय की भाला पुढे घोड्याच्या मानेशी दोरीने टांगलेला असे आणि मागचं टोक पुठ्ठ्याजवळच्या फासात अडकवलेलं. मग काय, ढाली छाटल्या, डावे हात पकडीने वाकवले (दोन तुटले, सुपरग्लूने जोडले), मुठींना हाती ड्रिलने भोकं पाडली आणि ०.८ मिमीची पितळी तार ओवली. टोक हातोडीने ठेचलं की पातं तयार. त्याला आता सहा महिने झाले, एकही भाला वाकलेला नाही. बोटाला मात्र टोचतात.

खवल्यांचं कोरीवकाम अप्रतिम आहे, तिथे पैसे वसूल. आपण ‘मायेची पाखर’ म्हणतो, पण घोड्याच्या चिलखतालाही पाखरच म्हणतात, आणि या पाखरीचं एकेक खवलं वेगळं दिसतं. काळा प्रायमर, मग ब्रश टिश्यूवर पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि खवल्यांवरून हलकेच फिरवायचा. रंग फक्त उंचवट्यांवर बसतो. त्यावर तपकिरी वॉश (पाण्यासारखा पातळ रंग), पण बेताने. पहिल्या घोड्यावर इतका ओतला की तो डबक्यातून निघालेला वाटत होता.

धातू कोणता, यावर बराच खल केला. रोमन काळातला चरित्रकार प्लुटार्क मर्वकडच्या (आजचं तुर्कमेनिस्तान) लखलखीत पोलादी शिरस्त्राणांचं आणि कांस्य-लोखंडात मढवलेल्या घोड्यांचं वर्णन करतो. सीरियातल्या दुरा-युरोपोस इथे उत्खननात तिसऱ्या शतकातल्या पाखरी सापडल्या, त्यांतही एक लोखंडी खवल्यांची आणि एक कांस्याची. म्हणून तीन घोडे कांस्य, तीन लोखंडी, आणि स्वार सगळे चकचकीत पोलादी.

व्हार्निशचा स्प्रे पुण्यात जुलैमध्ये मारू नका. मी मारला, आणि दमट हवेने सगळ्या पोलादावर पांढुरकी साय धरली. ब्रशने ग्लॉस व्हार्निश लावल्यावर ती गेली. मॅटचा हात नोव्हेंबरात दिला. आता घोड्यांच्या नाकाडांवर थोडा रंग उडालाय, कारण उचलताना बोटं तिथेच जातात. स्टँडखाली चुंबक चिकटवून मिठाईच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो, प्रवासात हलत नाहीत.

खेळ अर्थातच कार्‍हेचा, इ.स.पू. ५३, पार्थियनांनी रोमनांना हरवलं ती लढाई. पार्थियन सेनापती सुरेनाकडे असे हजार स्वार होते. रोमन सेनापती क्रॅससच्या मुलाबरोबरच्या गॉल घोडेस्वारांनी हे लांब भाले हातांनी पकडून स्वारांना खाली खेचलं, काहींनी घोड्यांखाली शिरून पोटात वार केले. पाखर पोटाखाली नसते ना! म्हणून सहाही घोड्यांची पोटं मी साध्या तांबूस रंगाने रंगवलीत. मूर्ती उलटी केल्याशिवाय ती कोणाला दिसत नाहीत.

संच घ्या, पण तार आधी आणून ठेवा.